गरज सरल्यावरचे वचन

जर्मनी देशात वेझर नदीच्या तीरी हामेल्न नावाचे नगर आहे. तेथील दंतकथा अशी की, सन 1284 मध्ये उंदरांच्या उपद्रवाने लोक जेरीस आले असता रंगीबेरंगी पोशाखाचा एक परका पावेवाला तेथे आला. ठराविक द्रव्याचे वचन घेऊन त्याने पावा वाजविला, आणि सर्व उंदीर त्याच्यामागे जाऊन नदीत बुडाले. उपद्रव टळताच नगरवासी वचनास फिरले. मग 26 जून रोजी पावा पुन्हा वाजला, व 130 मुले त्याच्यामागे निघून गेली ती परतली नाहीत.

सर्वांत जुन्या वृत्तांतांत मुलांचे जाणे आहे, परंतु उंदीर नाहीत. ते सोळाव्या शतकात कथेत आले. एवढ्या दुःखाचे कारण शोधताना लोकांच्या मनास मोडलेल्या वचनाहून योग्य कारण सापडले नाही, असे दिसते.

कोणी म्हणेल, भयाच्या भरात दिलेले वचन पुरतेपणी का पाळावे? घटकाभर पावा वाजविण्यास एवढे द्रव्य कशास? परंतु पूर ओसरल्यावर नावाड्याचे भाडे जड वाटते, तेव्हा नाव तीच व नावाडीही तोच असतो. पालटलेले असते ते आपले मन. शिवाय परक्यास ना पंच, ना साक्षी, ना भाऊबंद. म्हणून त्याच्याशी केलेल्या व्यवहारातच आपला खरेपणा कसास लागतो.

ही गोष्ट मुंबईस परकी नाही. सन 1896 मध्ये तेथे प्लेग आला. पुढे उंदरांचा त्या रोगाशी संबंध कळल्यावर त्यांचा नाश करणे हे नगरपालिकेचे काम झाले. अंधेरी, घाटकोपर अशा उपनगरांतही लोक निजले असता मूषकसंहारक काठी व विजेरी घेऊन गल्ल्यांतून फिरत आले आहेत. सन 2010 च्या सुमारास एका रात्रीत 30 उंदीर मारण्याची त्यांस अट होती. रोगाच्या भयाने ज्यास बोलवावे, त्यासच सकाळी दारात उभे करण्यास नाक मुरडावे, हाही वचनभंगच नव्हे काय?

आपल्या गावी तरी निराळे काय घडते? कापणीच्या घाईत कबूल केलेली मजुरी खळे भरल्यावर जास्त वाटू लागते. मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. आणि आपण देणे कसे बुडवितो हे घरातील मुले पाहत असतात. त्याच वाटेने ती आपल्यापासून दूर जातात.

तर बंधुभगिनींनो, कोणाचे कबूल केलेले देणे राहिले आहे ते आजच आठवा, आणि सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याच्या हाती द्या.