माहितीची अनामत

आईला स्मृतिभ्रंश झाल्याचं आम्ही पहिली दोन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही. "काकू हल्ली दिसत नाहीत?" असं शेजारी विचारायचे, तेव्हा गुडघ्यांच्या दुखण्यावर वेळ मारून न्यायचो. त्याच काळात जुलै महिन्यात आमच्या सी.ए.नी सुचवलं, की आई ज्येष्ठ नागरिक आहेत, डॉक्टरांचं पत्र आणा, प्राप्तिकराच्या ८०डीडीबी कलमाखाली एक लाखापर्यंतची वजावट मिळेल. पत्र आणलं, विवरणपत्रात आकडा भरला. आईच्या सख्ख्या बहिणीपासून लपवलेली गोष्ट सरकारला सांगितली आणि त्यात काही वावगं वाटलं नाही. सरकारला सांगणं म्हणजे चार लोकांत सांगणं नव्हे, हे मी गृहीतच धरलं होतं.

या गृहीताला एके काळी कायद्याचा भक्कम आधार होता. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार करदात्याने दिलेला तपशील गोपनीय मानला जाई आणि न्यायालयही तो सहसा मागवू शकत नसे. १९६१ च्या कायद्यात हीच तरतूद १३७ व्या कलमात आली, आणि १९६४ च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली. राहिलं ते १३८ वं कलम. त्यानुसार कुणी अर्ज केला आणि सार्वजनिक हिताचं आहे असं आयुक्तांना वाटलं, तर एखाद्या करदात्याची माहिती देता येते. आयुक्तांचा निर्णय अंतिम, त्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असंही तिथेच लिहिलेलं. ज्याची माहिती द्यायची त्याला आधी विचारावं, अशी अट त्यात नाही. माझ्या मते या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे.

विवरणपत्र नुसतं उत्पन्न सांगत नाही. घरभाड्याची सवलत घेताना भाडं ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. अपंग मुलाच्या संगोपनासाठी ८०डीडी, राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीसाठी ८०जीजीसी, शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठी ८०ई. नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागलेलं वार्षिक माहिती विवरण उघडून पाहा. बँकेचं व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री, परदेशी पाठवलेले पैसे, सगळं एका जागी. माणसाची रोजनिशी चोरली तरी इतकं हाती लागणार नाही. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत अशी ७.२८ कोटी विवरणपत्रं भरली गेली.

सरकार हे बाजारात कशाला मांडेल, असं कुणी विचारलं तर मी वाहनांचं उदाहरण देईन. गाडीची नोंदणी करताना आपण आरटीओत एकरकमी कर भरतो, नाव-पत्ता देतो. न देऊन चालत नाही. २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या नोंदणीतली माहिती घाऊक देण्याचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाचे तीन कोटी, शिक्षणसंस्थेला पाच लाख. त्याच वर्षी जुलैत त्या खात्याचे मंत्री नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना या माहितीची दारं उघडून दिली असून त्यातून ६५ कोटी मिळाले आहेत. सुमारे २५ कोटी वाहनांच्या आणि १५ कोटी वाहनचालक परवान्यांच्या नोंदी होत्या त्या. त्याच महिन्यातल्या आर्थिक पाहणी अहवालात माहिती ही लोकांची संपत्ती असल्याचं सांगणारं एक आख्खं प्रकरण होतं आणि निवडक माहितीसाठे व्यापारी वापरासाठी खासगी क्षेत्राला द्यावेत, असा विचार त्यात मांडला होता. लोकांचीच म्हणायची आणि लोकांना न विचारता विकायची, हे मला आजही पटत नाही.

जून २०२० मध्ये दुरुपयोगाच्या शंकेमुळे हे धोरण मागे घेतलं गेलं. तोवर जी माहिती गेली ती गेली. जमीन विकली तर निदान सात-बारावर फेरफार दिसतो. इथे मालकाला पत्ताच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रेल्वेची तिकिटं विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून पैसा उभा करण्यासाठी सल्लागार नेमायची निविदा काढली आणि ओरड झाल्यावर रद्द केली. दोन्ही वेळा लोकांना आधी विचारलं गेलं नाही.

नावं काढून टाकली की झालं, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तालुक्याच्या गावी राहिलेल्या माणसाला तो कुणी ऐकवू नये. एका पिनकोडमध्ये पन्नाशीची स्त्री अस्थिरोगतज्ज्ञ एकच असते. तिचं उत्पन्न आणि गाडीचं मॉडेल समोर ठेवलं की नाव चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगेल. दोन याद्या एकमेकींवर ठेवून माणूस ओळखता येऊ शकतो, ही कबुली वाहनांच्या त्या धोरणातच दिलेली होती. तरी ते वर्षभर चाललं.

जीएसटीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून तिच्यापाशी थांबायला हवं. जीएसटीची संगणकीय यंत्रणा सांभाळणारी जीएसटीएन ही कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे ५१ टक्के समभाग खासगी वित्तसंस्थांकडे होते. देशभरच्या व्यापाऱ्यांची बिलं ज्या तिजोरीत पडायची तिची निम्म्याहून जास्त मालकी खासगी होती. ती पूर्ण सरकारी करायचा निर्णय २०१८ मध्ये झाला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जीएसटीएनला अकाउंट ॲग्रिगेटरच्या व्यवस्थेत आणलं. दुकानदाराने संमती दिली, की त्याची विवरणपत्रं कर्ज देणाऱ्या संस्थेला पाहता येतात. याचा फायदा आहे आणि तो मी नाकारणार नाही. तारण ठेवायला घर-जमीन नसलेल्या किराणा दुकानदाराला विक्रीच्या आकड्यांवर कर्ज मिळत असेल तर ते चांगलंच. संमतीत कारण आणि मुदत लिहावी लागते, ती मागेही घेता येते.

पण दिवाळीच्या तोंडावर माल भरायला पैसे हवे असलेला माणूस नाही म्हणेल का? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारापेक्षा त्याच्याकडच्या कर्जरोख्यांवर होता. ते रोखेही अंगठा उठवूनच झाले होते. सारा भरायची तारीख डोक्यावर असलेल्या माणसाचा तो अंगठा. ओटीपी टाकणाऱ्या बोटामागेही अशी निकड असू शकते, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. खासगी कंपनीने हयगय केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मात्र सार्वभौमत्व, सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. माझी मागणी त्यापेक्षा साधी आहे. कर म्हणून दिलेला पैसा सरकारचा होतो. त्यासोबत कायद्याच्या धाकाने दिलेली माहिती सरकारची होत नाही, ती अनामत असते. ज्या कामासाठी ठेवली त्याच कामाला वापरायची. दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर ठेवणाऱ्याला आधी कळवायचं.

कळवणं अशक्य नाही. आधारच्या संकेतस्थळावर आपली ओळख कधी पडताळली गेली याची नोंद पाहता येते. वार्षिक माहिती विवरणात माझ्याविषयी बँकेने, कंपनीने, निबंधकाने सरकारला काय कळवलं ते मला रकान्यांत दिसतं. त्याच्याशेजारी आणखी एक पान हवं: सरकारने माझ्याविषयी कुणाला, कधी, कशासाठी, किती पैशांना कळवलं. दरवर्षी जुलैत लॉगिन करतो तेव्हा मी ते पान शोधतो. आईच्या आजाराचा तो आकडा आता कुठे आहे, एवढंच मला त्यात पाहायचं आहे.