कावळा, फांदी आणि बंद पडलेला कम्प्युटर

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढे घाट चढून वर आलं. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या जुन्नर-आंबेगावकरांनी त्या दिवशी घरांचे पत्रे उडताना, पॉलीहाऊस कोसळताना आणि विजेचे खांब आडवे होताना पाहिले. अशा वादळानंतर कधीतरी वीज परत येते. दिवे लागतात, मोटारी सुरू होतात, आणि कोपऱ्यातला डेस्कटॉप मात्र बटण दाबूनही गप्पच राहतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, “वादळात गेला.”

हे खरं असू शकतं. पण यात कळतो तो फक्त क्रम: आधी वादळ आलं, मग कम्प्युटर बंद पडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानं मोडली असं ठरत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. तरीही आपण कावळा शोधतो. त्यातही वादळ म्हणजे फार सोयीचा आरोपी. सगळ्यांनी पाहिलेला, आणि स्वतःची बाजू मांडायला कधीच न येणारा.

खरा तपास कंटाळवाण्या प्रश्नांनी सुरू होतो. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला तर चालतो का? पॉवर केबल बदलून पाहिली का? वादळाच्या भीतीनं कॅबिनेटच्या मागचं बटण कोणी बंद केलं होतं का? पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आहे, की काहीच हलत नाही? पंखा फिरत असेल तर आधी मॉनिटर आणि रॅम तपासायची. काहीच हलत नसेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणाऱ्या डब्यावर जातो. त्याच्या जागी दुसरा चालू डबा लावून पाहायचा. जुना डबा उघडायचा नाही; प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जोराचा झटका देऊ शकतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला तेच कळत नाही.

समजा, एसएमपीएस जळालेलाच निघाला. तरी चौकशी संपत नाही. कदाचित वीज पडली असेल. कदाचित लाइनचा न्यूट्रल तुटला असेल. तसं झालं तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं. वाऱ्यानं तार तोडली असेल, पण तो जोड महिनोन् महिने सैलच होता का? घरात अर्थिंग होतं का, की तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन नुसती शोभेला होती? “वादळात गेला” म्हटलं की यातला एकही प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही.

इथून पुढे प्रश्न नैतिक होतो. नारायणगावच्या किंवा मंचरच्या एखाद्या दुकानात दुरुस्ती करणारा म्हणाला, “मदरबोर्ड गेला,” तर गिऱ्हाइकाला ते पडताळता येत नाही. ज्याला कळतं आणि ज्याला कळत नाही, त्यांच्यात फक्त विश्वास असतो. बरं, मदरबोर्ड खरोखर गेला तरी हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. “सगळंच गेलं” हे ऐकून कोणी तो डबा भंगारात दिला, तर पोराच्या बारशाचे फोटो आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅनही त्याच्यासोबत जातात. घाईत काढलेल्या निदानाची किंमत अशी दुसराच कोणी मोजतो. म्हणून “हे तपासलं, हे तपासलेलं नाही, आणि हे अजून कळलं नाही” एवढं सांगणं हे जाणकारावरचं ऋण आहे. शेवटच्या वाक्याचं बिल करता येत नाही, म्हणूनच ते म्हणायला जड जातं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कधीकधी वादळावर ढकलणं हीच दया असते. धाकट्यानं साफसफाई करताना रॅम हलवून ठेवली असेल, तर बापाच्या रागापासून त्याला वाचवायला वादळ बरं पडतं. पण यात आपण दोष आणि कारण यांची गल्लत करतो. दोष माफ करता येतो. कारण मात्र माफ केलं तरी जागेवरच राहतं. “रॅम नीट बसली नव्हती, आता बसवली” एवढं सांगायला कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. उलट खोटं कारण सांगितलं, तर सैल न्यूट्रल आणि नसलेलं अर्थिंग पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत बसतात.

ही शिस्त किती अवघड आहे, हे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीकडे पाहिलं की समजतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी अवकाशातले क्षीण रेडिओ संकेत ऐकते. तिथं काही वेगळं ऐकू आलं, तर ते ताऱ्याकडून आलं की जवळच्या कुठल्या ठिणगीतून, हे आधी पाहावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर असेच चमत्कारिक संकेत टिपले गेले होते. २०११ मध्ये त्यांच्याविषयीचा शोधनिबंध आला, तेव्हा आकाशातल्या विजेवरही संशय होता. २०१५ मध्ये खरा गुन्हेगार सापडला: तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन, ज्याचं दार कोणीतरी वेळ संपायच्या आधीच उघडत होतं. ते कोण, हे शोधण्याची गरज नव्हती. दार उघडलं की काय होतं, एवढं कळणं पुरेसं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी दुरुस्त झालेली मशीन घ्यायला जाल, तेव्हा “किती झाले?” विचारायच्या आधी “काय काय तपासलं?” असं विचारा. त्यात अविश्वास नाही. ज्यानं खरोखर तपासलंय, त्याला ते सांगायला आवडतं.