दुसऱ्याच्या छपरावरील पुण्य

गेल्या मे महिन्यांत इन्सुलीच्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या पडवींत बसून आम्हीं एक लहानसें व्याख्यान दिलें, व तें संपण्यापूर्वींच आपण कांहीं अनुचित करीत आहों अशी शंका आम्हांस येऊं लागली. सावंतवाडीहून बांद्याकडे जातांना महामार्गावर हें गांव लागतें. घर जांभ्या चिऱ्याचें, वर मंगळुरी कौलें, पुढें खळें. वाशे कुजले होते. तेव्हां त्याची दुरुस्ती करावी, कीं तें पाडून स्लॅबचें घर बांधावें, असा प्रश्न भाऊबंदांपुढें होता. आम्ही मुंबई-पुण्याकडचे हिस्सेदार एकमुखानें कौलांच्या पक्षाचे. आणि त्या घरांत बारा महिने राहणाऱ्या आमच्या चुलत वहिनी तेवढ्या स्लॅबच्या पक्षाच्या.

आमचा पक्ष अगदींच पोकळ होता असें नाहीं. युरोपीय संघानें 2024 सालीं इमारतींच्या ऊर्जेविषयीं आपला निर्देश सुधारून नव्यानें काढला. त्याअन्वयें 2028 पासून सार्वजनिक संस्थांच्या मालकीची, व 2030 पासून कोणतीही, नवी इमारत 'शून्य-उत्सर्जन' असली पाहिजे. म्हणजे तिला ऊर्जा अगदीं थोडी लागावी, आणि तिच्या आवारांत कोळसा, तेल वा खनिज वायु जळून कार्बन बाहेर पडूं नये. जुन्या इमारतीही टप्प्याटप्प्यानें सुधारून घ्यावयाच्या आहेत. आपल्याकडे मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं 2007 सालीं संहिता झाली, निवासांसाठीं 2018 सालीं इको-निवास संहिता आली, आणि 2022 च्या दुरुस्त कायद्यानें 100 किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या इमारती, निवासी धरून, नियमांच्या कक्षेंत आणण्याची वाट मोकळी केली. इन्सुलीचें घर यांपैकीं कोणत्याच कक्षेंत येत नाहीं. तथापि ज्या गोष्टीसाठीं ब्रुसेल्सला एवढा खटाटोप करावा लागतो, ती आमच्या आजोबांनीं सहज साधली होती, असें आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें.

चिऱ्याची जाड भिंत ऊन थोपवून धरते. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, व दमट प्रदेशांत माणसाला खरें सुख देणारा वारा घरांत फिरता राहतो. उलट उघड्या उन्हांतील स्लॅब दिवसभर सांठविलेली उष्णता रात्रीं खालीं सोडतो. मग पंखा अपुरा पडतो, मग वातानुकूलन यंत्र येतें. शिवाय सिमेंट आपलें पाप घरांत येण्यापूर्वींच करून आलेलें असतें. जगांतील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकीं सुमारें 7 ते 8 टक्के सिमेंटच्या नांवावर आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नव्हे, तर चुनखडी भाजली कीं तिच्याच पोटांतून सुटणाऱ्या वायूचा. भट्टी उद्यां सूर्यप्रकाशावर चालविली तरी तो राहतोच. आमच्या जिल्ह्यांत आणखी एक गंमत पाहावयास मिळते. स्लॅब गळूं वा तापूं लागला कीं लोक त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. म्हणजे छपरावर छप्पर; आणि वरचें पुन्हां उतरतें, अगदीं आजोबांच्या छपरासारखें!

वहिनींनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भावजी, कौलां परतूक माणसां खंय मिळतत? माकडां नाचतत, कौलां फुटतत, आणि मिरगात मध्यरात्री टोपां कोणी मांडूची? तुमच्या मुंबयच्या घरार कौलां आसत काय?"

नाहींत. आमच्या मुंबईच्या बिऱ्हाडावर दुसऱ्याचें बिऱ्हाड आहे, त्यावर तिसऱ्याचें. आणि उन्हाळ्यांत दोन वातानुकूलन यंत्रें आमच्या येथें रात्रभर चालतात. त्या थंड खोलींत झोंपणाऱ्यानें दुसऱ्याला टोपें मांडावयास सांगावें, हें कोणत्या नीतींत बसतें?

आजोबांच्या पुण्याचेंही तसेंच आहे. त्यांनीं वीज जाळली नाहीं, कारण घरांत वीज नव्हती. ज्याला चोरी करण्याची संधिच मिळाली नाहीं, त्याच्या अस्तेयव्रताची थोरवी किती गावी? आणि त्या निष्पाप घराची किंमत मोजली ती आजीच्या डोळ्यांनीं. जन्मभर चुलीच्या धुरांत बसून तिची दृष्टि अधू झाली होती. लाकूड हें खनिज इंधन नव्हे. तेव्हां व्याख्येच्या अक्षरांनाच चिकटून बसलें तर तिची चूल कदाचित् निर्दोष ठरेल! आमचें माजघर मात्र ठरणार नाहीं. दमट प्रदेशांतील घरास जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतकीं उघडतां येणारीं दारें-खिडक्या असावीं, असें इको-निवास संहिता सांगते. येथें भर दुपारीं दिवा लावावा लागतो. फार काय, ज्या कौलाला आम्ही परंपरा म्हणून कवटाळीत होतों तेंही कारखान्याचेंच. बासेल मिशननें 1865 सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, व पुढें तीं कौलें सबंध किनाऱ्यावर पसरलीं. आमच्या पूर्वजांनीं नळ्यांचें छप्पर उतरवून तीं चढविलीं, तेव्हां कोणा चाकरमान्यानें पडवींत बसून त्यांना उपदेश केला असेल असें वाटत नाहीं.

मग ज्यानें त्यानें आपल्या घराचें वाटेल तें करावें काय? तसेंही आम्हांस म्हणवत नाहीं. घर बांधणाऱ्यामागें घर उरतें. आज ओतलेल्या स्लॅबखालीं जे पन्नास वर्षांनीं तळमळतील त्यांना आज विचारण्याची सोय नाहीं; त्यांच्या वतीनें कोणीतरी माप घालून दिलेंच पाहिजे, आणि 'आधीं तुम्ही' हें उत्तर कितीही न्याय्य असलें तरी त्यानें हवा निवत नाहीं. प्रश्न मापाचा नाहीं. तें कोणाच्या तोंडीं शोभतें याचा आहे. 1936 सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगांवीं राहावयास गेले. तेथील माती, बांबू, कौलें एवढ्यावर उभारलेल्या, थोड्या खर्चाच्या झोंपडींत विदर्भाचा उन्हाळा त्यांनीं स्वतः काढला. त्यांच्या मापाला वजन आलें तें यामुळें. सर्वांनीं महात्मे व्हावें असें कायदा म्हणूं शकत नाहीं. पण ज्याचा भार मोठा त्याच्यापासून प्रारंभ करणें त्याच्या हातीं आहे, आणि 100 किलोवॅटच्या रेषेंत तेवढा विवेक आम्हांस दिसतो. वहिनी तिच्याबाहेर राहिल्या हें ठीकच झालें. आमची मुंबईची इमारत तीस वर्षांपूर्वींची, म्हणून तीही सुटली. हें तितकेंसें ठीक नव्हे.

अखेरीस असें ठरलें कीं कुजलेले वाशे काढून लोखंडी नळ्यांचा सांगाडा करावा, वर कौलेंच ठेवावीं, माकडांसाठीं जाळी घालावी, आणि माजघरावर चार कांचेचीं कौलें बसवावीं. दर वर्षींच्या शाकारणीचा खर्च बाहेरच्या हिस्सेदारांनीं द्यावयाचा. पैशाला वहिनींनीं मान डोलाविली, पण तेवढ्यावर त्या राजी झाल्या नाहींत. माणसें शोधून आणण्यासाठीं आपल्यापैकीं कोणीतरी दर वैशाखांत आठ दिवस येथें येऊन राहावें. तीन वर्षांत एकदांही चुकलें तर स्लॅब पडेल, असें त्यांनीं बजावलें. पहिली पाळी आमची आहे. मुंबईच्या दोन यंत्रांविषयीं त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही तो विषय काढला नाहीं.