नंबर कोणाच्या मालकीचा?

एखाद्या गाडीवर उड्या पडू लागल्या की तिची खरी किंमत कोटेशनच्या कागदावर सापडत नाही. कागदावर एक्स-शोरूम भाव कंपनीने ठरवला तोच असतो. त्याखाली रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा येतो, आणि मग हळूच अ‍ॅक्सेसरीजचे किट येते: मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी. यातले काही नको म्हटले की उत्तर मिळते, ‘मग वेटिंग वाढेल, साहेब.’ याहून धीट ठिकाणी पावतीशिवायचे पैसे मागितले जातात. त्यांना मुंबईपासून विरारपर्यंत सगळे ‘ऑन’ म्हणतात. गाडी साधी असो वा स्पोर्ट्स कार, रीत तीच. हा ऑन घेणे पाप आहे की नुसता व्यापार? बहुतेक जण या प्रश्नाकडे रकमेच्या अंगाने पाहतात: दहा हजार घेतले तर चालते, दोन लाख घेतले तर लूट. पण योग्य-अयोग्याचा निवाडा रकमेवर होत नाही. विक्रेता जे विकतो आहे ते त्याचे स्वतःचे आहे का, यावर तो होतो.

या वादातली एक फार जुनी साक्ष वसई-विरारच्याच हद्दीत आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इथल्या बंदराची ख्याती मोठी होती, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप उजेडात आणला. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात शूर्पारकातल्या ‘पूर्ण’ नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. बंदरात पाचशे व्यापाऱ्यांचा माल उतरतो. एकट्यादुकट्याने जाऊन माल घ्यायचा नाही, सर्वांनी मिळून घ्यायचा, असा गावच्या श्रेणीचा, म्हणजे व्यापारी संघाचा, ठराव असतो. पूर्ण मात्र एकटाच जातो, अठरा लाख सुवर्णांचा सौदा करतो, तीन लाख इसार देतो आणि मालावर आपली मोहर उमटवून परततो. श्रेणी चिडते, त्याला दंड ठोठावते, तो भरत नाही म्हणून उन्हात उभे करते. प्रकरण राजापर्यंत जाते तेव्हा राजा एवढेच विचारतो, की ठराव करताना पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावले होते का? बोलावले नव्हते. पूर्ण सुटतो. पुढे राजालाच त्या मालातली वस्तू हवी होते, तेव्हा श्रेणीला पूर्णाच्या दारी यावे लागते आणि तो दुप्पट भाव घेतो. उरलेले पंधरा लाख मूळ व्यापाऱ्यांना चुकते करून नफा घरात ठेवतो. हाच पूर्ण पुढे बुद्धाचा शिष्य होतो.

दुप्पट भाव घेणाऱ्या माणसाला धर्मकथेने नायक का केले असेल? इसार त्याने स्वतःच्या खिशातून दिला, माल न खपण्याचा धोका त्याने पत्करला, आणि त्या मालावर आधी कोणाचेही नाव लागलेले नव्हते. राजाने नफ्याचा टक्का विचारलाच नाही. शब्द कोणी कोणाला दिला होता आणि तो कोणी मोडला, एवढेच त्याने तपासले. आता शोरूमकडे वळा. इथे इसार देतो तो ग्राहक आणि पावती फाडतो तो डीलर. म्हणजे डीलर पूर्णाच्या जागी नाही, तर इसार घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या जागी आहे. समजा, पूर्णाची मोहर लागलेला माल त्या व्यापाऱ्यांनी रात्रीतून दुसऱ्याला चढ्या भावात विकला असता, तर कथेत गुन्हेगार कोण ठरले असते हे सांगायला राजाही लागला नसता. ऑन घेणारा डीलर हेच करतो. गाडीचे पैसे तो एकदाच घेतो, पण पाळी दोनदा विकतो: एकदा बुकिंगच्या रकमेला, दुसऱ्यांदा ऑनला. दुसऱ्यांदा विकलेली पाळी त्याची नसतेच. यादीत वर बसलेल्या कोणा तिसऱ्याची असते.

ख्रिस्ती विचारही वेगळ्या वाटेने याच मुक्कामाला पोहोचतो. वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकन संघाच्या चर्चचे अवशेष आहेत. त्याच संघाचा तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने ‘सुम्मा थिओलॉजिका’त न्याय्य किमतीचा प्रश्न घेतला आहे. वस्तू दिल्याने विक्रेत्याचे काही खास नुकसान होत असेल, तर तेवढे तो भावात धरू शकतो, असे तो म्हणतो. पण नुकसान काहीच नाही आणि गिऱ्हाईकाला मात्र गरज मोठी आहे, तर त्या गरजेचे पैसे विक्रेत्याने लावू नयेत, कारण ती गरज त्याची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. खूश झालेल्या गिऱ्हाईकाने आपणहून जास्त दिले तर हरकत नाही. आपल्याकडे अस्तेयाचे व्रत याच जागी उभे आहे. जैन आचारात खोटे माप वापरणे हा त्या व्रताचा भंग मानला आहे. तिथे चोरी होते ती भाव लावून नव्हे, तर गिऱ्हाईकाचे असलेले गुपचूप कापून.

यावरचा पहिला आक्षेप असा, की थारसारखी जीप किंवा स्पोर्ट्स कार म्हणजे औषध किंवा धान्य नव्हे. ज्याला चैन करायची त्याने पैसे मोजावेत, यात धर्म कुठे आला? भाव चढा असण्यापुरता हा आक्षेप मान्य करायला हवा. नाशिकला बनणारी नवी थार २०२० च्या गांधीजयंतीला बाजारात आली, तेव्हा पहिल्या गाडीचा लिलाव १ कोटी ११ लाखांवर गेला आणि पैसा समाजकार्याला दिला गेला. कोणाचे काही बिघडले नाही. केरळातल्या गुरुवायूर देवस्थानाला २०२१ च्या डिसेंबरात भेट मिळालेली थार याहून बोलकी आहे. पहिल्या लिलावात एकच बोलीदार आला, गाडी १५ लाख १० हजारांना गेली आणि वाद पेटला. जून २०२२ मध्ये फेरलिलाव झाला, तेव्हा तीच गाडी ४३ लाखांना गेली. लोकांची तक्रार स्वस्त व्यवहाराबद्दल होती, कारण तिथे सर्वांना समान संधी मिळाली नाही असे वाटले. तेव्हा वस्तू चैनीची आहे म्हणून भाव कितीही लावता येईल, पण दिलेला शब्द मोडता येणार नाही. चैनीच्या वस्तूसाठी लावलेला नंबरही नंबरच असतो.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो जड आहे. टंचाईत भाव दाबून ठेवला तर मधला फरक नाहीसा होत नाही, फक्त खिसा बदलतो. कौटिल्याने देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्के नफ्याची मर्यादा घातली होती. स्वतंत्र भारतानेही तो मार्ग धरला. १९६९ मध्ये केंद्राने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, कुर्ल्यात फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि भांडवलावर १६ टक्के परतावा धरून रास्त किंमत काढण्यापर्यंत ते प्रकरण पोहोचले. तरी ऑन संपला नाही. पुण्याच्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, परकीय चलन भरणाऱ्याला ती लवकर मिळाली आणि नंबर लागलेल्याने ती दुसऱ्या दिवशी चढ्या भावात विकली. मग तो पैसा सट्टेबाजाऐवजी डीलरने घेतला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की चेतकवाला निदान स्वतःचा नंबर विकत होता; डीलर दुसऱ्याचा विकतो. टंचाईचा पैसा कोणालातरी मिळणारच असेल, तर कंपनीने तो उघडपणे भावात धरावा. स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग ३० जुलै २०२२ ला उघडले, तेव्हा अर्ध्या तासात लाखावर नोंदी झाल्या. पण सुरुवातीचा भाव पहिल्या २५ हजार जणांपुरताच आहे, हे आधी सांगितलेले होते. पंचवीस हजारांनंतरच्या माणसाला जास्त मोजावे लागले, पण त्याला फसवले असे म्हणता येत नाही. अमेरिकेत काही डीलर मागणी जास्त असलेल्या स्पोर्ट्स कारच्या काचेवरच वाढीव रकमेचे लेबल चिकटवतात. ते हावरेपणाचे असेल, पण आधी बुकिंग घेतलेले नसेल तर ती चोरी नव्हे. आपल्याकडचा छापील भाव पाळून खालून घेतलेला ऑन त्याहून हीन आहे.

डीलर म्हणेल की मार्जिन तुटपुंजे आहे, जागेचे भाडे आणि पगार कुठून काढायचे. अडचण खरी आहे, पण कायदा डीलरच्या भावाकडे उलट बाजूने पाहतो. डीलरने ग्राहकाला जादा सूट देऊ नये म्हणून बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. भाव खाली आणण्याची डीलरची मोकळीक कायदा राखतो. वर जायचे असेल, तर तेही त्याने बुकिंग घेण्याआधी, पावतीवर लिहून करावे. जो खर्च बिलात लिहायची लाज वाटते तो खर्च नसतो.

राहिला घेणारा. ऑन देऊन आलेला माणूस घरी स्वतःला लुबाडला गेलेला म्हणवतो, आणि त्याने राजीखुशीने दिले असे डीलर म्हणतो. दोघांची गोष्ट अर्धीच आहे. संमती या दोघांची होती. ज्याची गाडी पुढच्या महिन्यावर गेली त्याला कोणी विचारलेच नाही. म्हणून ऑन देणारा हा पीडित नसून भागीदार आहे, वशिल्याने पुढे सरकणारा असतो तसा. उपाय महागडा नाही. बुकिंगच्या पावतीवर यादीतला क्रमांक छापावा आणि यादी कोणालाही पाहता यावी. असे झाले की ऑन मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला, आपण कोणाचा नंबर खाल्ला, हे कळल्याशिवाय राहणार नाही. एवढे कळूनही जो पैसे पुढे करील, त्याला मग भाव फार होता अशी तक्रार करण्याचा हक्क उरत नाही.