जमा की नावे?

बँकेत वीसेक वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट समोर आली, की ती जमेला धरायची की नावे टाकायची, हे ठरल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. लग्नात आलेला आहेर दिसायला जमा. पण पुढं कधीतरी तो फेडायचा असतो, म्हणून वास्तविक नावे. अशा शेकडो नोंदी मी डोक्यातल्या डोक्यात बिनचूक केल्या आहेत. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही साडेचार वर्षांची मुलगी दत्तक घेतली, आणि ही नोंद कुठल्या बाजूला करायची, यावर माझं घोडं अडलं.

‘दत्तक’ हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या शाखेने मागे एक गाव दत्तक घेतलं होतं. म्हणजे वेशीवर पाटी लावली, फोटो काढला, चहा घेतला. पाटी अजून आहे. आपण दत्तक गेलो आहोत, हे त्या गावाला मात्र कुणी कळवलेलं नाही. मुलीच्या बाबतीत इतक्या स्वस्तात सुटता येत नाही. सरकारदरबारी नाव नोंदवलं, एक बाई घरी येऊन मिळकत, प्रकृती, स्वभाव सगळं तपासून गेल्या (कर्ज मागायला आलेल्या माणसाला माझ्यासमोर बसून काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं), मग तीन वर्षं वाट पाहिली. आणि एके दिवशी मुलीची माहिती आली. अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवायचा! मला साधा पंखा घ्यायला तीन महिने लागतात. सौ.ने अठ्ठेचाळीस सेकंद घेतले.

संस्था मुंबईत होती. मुलगी ताब्यात आल्यावर मी म्हटलं, “आलोच आहोत, तर हिला दोन दिवस मुंबई दाखवू.” राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. आम्ही नवरा-बायको काचेला नाक लावून पेंग्विन बघत होतो आणि मुलगी पेंग्विनांकडे पाठ करून बाहेर जायच्या दाराकडे बघत होती. गेटवेलाही तेच.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, एवढंच समाधान. १९९२ पासून २०२४ मध्ये ती दारं बंद होईपर्यंत चीनमधून दीड लाखाच्या वर मुलं परदेशी घरांत दत्तक गेली. आईबाप न्यायला यायचे. कागदपत्रं व्हायला दिवस लागत. मग ते नव्या लेकराला घेऊन देश बघायचे, आगगाडीने फिरायचे, त्या जगप्रसिद्ध भिंतीवर उभं राहून फोटो काढायचे. त्या लेकराला भिंतीचं काय कौतुक? त्याच्यापुढं चार दिवसांपूर्वीच दोन नवीन माणसं भिंतीसारखी येऊन उभी राहिलेली!

परतीला तपोवन एक्सप्रेस. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, वेगळं आसन मात्र मिळत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. लगेच हिशेब केला, मांडीवर बसेल. ती कशाला बसते? आमची तिची ओळख अडीच दिवसांची. ती माझ्या जागेवर बसली, आणि मनमाडपर्यंत मी उभा. फुकट प्रवास करणारी बसलेली आणि तिकीटवाला लोंबकळतोय! कसाऱ्याच्या घाटात पहिला बोगदा आला, डबा अंधारला, तशी ती किंचाळली आणि तिनं घट्ट हात धरला. माझा नव्हे, सौ.चा नव्हे, शेजारच्या अनोळखी आजींचा. उजेडात आल्यावर आजी आम्हाला म्हणाल्या, “लेक लाडाची दिसते.” आम्ही दोघं खिडकीबाहेर बघू लागलो.

परतूरला उतरून कुंभार पिंपळगावला पोचलो, तर प्रेक्षणीय स्थळ म्हणजे काय ते कळलं. आख्खं गाव मुलगी बघायला. आमच्या शेजारी जांब समर्थ. तिथलं लेकरू लग्नाच्या मांडवातून घर सोडून गेल्याची गोष्ट चारशे वर्षं सांगतात. घरी आलेल्या लेकराची गोष्ट नवीन, म्हणून गर्दी. प्रत्येक जण चहा पिऊन जाताना म्हणे, “लई पुण्याचं काम केलंत, साहेब!”

पहिले दहा जण म्हणाले तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अकराव्याला माझ्यातला कारकून जागा झाला. पुण्य माझ्या खात्यावर जमा झालं, तर ते कुणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे. दुसरी बाजू कुणाची? त्या कोपऱ्यात बाहुली धरून बसलेल्या पोरीची! म्हणजे हिनं जन्मभर हप्ते भरायचे? शेजारच्या अण्णांना चार मुलं. त्यांना कुणी पुण्यवान म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

जुन्या काळी हिशेब उलटा होता. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. तिथं गरज गादीला होती. वंशाला, पिंडाला वारस हवा म्हणून मुलगा घेत. मुलगी दत्तक घेण्याची सोय सर्वसाधारण हिंदू कायद्यात आली ती १९५६ साली. तेव्हा उपकार झालाच, तर मुलाचा घरावर. आणि मनाशी खरं बोलायचं, तर आम्हालाही मूल हवं होतं. त्या पोरीनं अर्ज केला नव्हता. अर्ज आमचा होता.

हे सगळं समजूनही महिन्याभराने तिनं ताट ढकललं, तेव्हा माझ्या तोंडात आलं होतं, “एवढं केलं तुझ्यासाठी—” शब्द दातांत अडवले. पण आले होते.

त्याच रात्री दाराआड तिची पिशवी सापडली. संस्थेतून आणलेले दोन फ्रॉक, बाहुली, कंगवा. नीट भरून ठेवलेली. सौ.नं विचारलं, तर म्हणाली, “परत कधी जायचं, काका?” महिनाभर ती आमच्याकडे सहलीला आली होती! घर बघून झालं, गाव बघून झालं, आता परतीची गाडी. मी म्हटलं, “परतीचं तिकीट काढलंच नाही गं.” तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, “पैसे संपले?”

आम्ही पिशवी हलवली नाही. चीनमधून गेलेली पुष्कळ मुलं मोठी झाल्यावर आपला आश्रम बघायला परत येतात. आपल्याकडेही अठराव्या वर्षानंतर मुलाला स्वतःहून मुळाचा शोध घेता येतो. हिला वाटलं, तर मीच तिकीट काढीन. जाण्याचं आणि येण्याचं. उपकाराची बाकी असलेल्या माणसाला असं जाताना चोरटं वाटतं. घरच्या माणसाला वाटत नाही. एवढ्यासाठी तरी ती नोंद खोडायला हवी.

परवा वेरूळला गेलो. पाच वर्षं केव्हाच उलटलेली, म्हणून पूर्ण भाडं भरून, नावासकट तिकीट काढलं. खिडकीची जागा. यादीत तिचं नाव आमच्या नावांखाली छापून आलेलं मी तीनदा वाचलं. गाडी सुटली, आणि ती उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. परतूरपासून संभाजीनगरपर्यंत पाय बधिर. पूर्ण भाड्याच्या आसनावर तिची पिशवी बसली होती.

हिशेब अजून जुळलेला नाही. पण या वेळी चूक शोधत बसलो नाही.