जरा डावीकडे

बोट दाखवणं हे आपल्याकडे कधीच सभ्यपणाचं लक्षण मानलेलं नाही. लहानपणी वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवलं की त्याच बोटावर फटका बसायचा. वेलीवरच्या कोवळ्या काकडीकडे बोट दाखवलं तर ती कुजते, म्हणून दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करून दाखवायचं, असा आमच्या कोकणातल्या आजीचा दंडक होता. (सरळ बोटाने तूप निघत नाही हे ठाऊक होतं, काकडीही टिकत नाही हे तिच्याकडून कळलं.) पुढे मोठेपणी, दुसऱ्याकडे एक बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडे असतात, हे व्याख्यानमालेत दर वर्षी ऐकून घ्यावं लागलं. बोटाचा असा चहूबाजूंनी कोंडमारा झालेला असताना, या वयात ठाण्याचा भाचा मला म्हणाला, "मामा, तू बोलू नकोस. नुसतं बोट दाखव."

प्रकरण असं की आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाला वेबसाइट काढायची टूम निघाली. एका बाजूला कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, दुसऱ्या बाजूला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. या दोन पितामहांच्या मध्ये आमची संस्था म्हणजे पाळण्यातलं पोर. तेव्हा निदान वेबसाइट तरी तडफदार हवी, असं कार्यकारिणीत ठरलं. भाचा वेबसाइटी करण्याच्या धंद्यात आहे. 'करण्याच्या' हे आपलं सवयीने म्हटलं. हल्ली तो करत नाही, करवून घेतो. त्याच्या कॉम्प्युटरवर एक एआय मदतनीस आहे. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, की तो धडाधड कोड लिहून मोकळा. आंद्रे कार्पाथी नावाच्या एका तज्ज्ञाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकाराचं 'व्हाइब कोडिंग' असं बारसं केलं. आपल्याकडे याला मुकादमी हा शब्द केव्हापासून आहे.

आता यात एक गोम आहे. कोड लिहिणं निराळं आणि पान दिसणं निराळं. कोड ही नुसती कृती. पान रांधतो तो ब्राउझर. कृतीची वही शंभर वेळा वाचली तरी आमटी खारट झालीय की काय हे वहीतून कळत नाही. म्हणजे हा मदतनीस सगळ्या कृती तोंडपाठ असलेला, पण चव न घेणारा आचारी. चव कुणीतरी घेऊन त्याला सांगायची, आणि तीही शब्दांत. इथे आपण मार खातो. आमच्या घरात गेली चाळीस वर्षं "अहो, ते त्याच्यावरचं ते जरा ह्याच्यात ठेवा" या एका वाक्यावर संसार चालला आहे, आणि दर वेळी योग्य डबा योग्य फडताळात गेलेला आहे. आमच्या सेक्रेटरींनी याच भरवशावर मदतनीसाला लिहिलं, 'वरचं बटण मोठं करा.' वर बटणं तीन होती. त्याने तिन्ही मोठी केली आणि वाचनालयाचं नाव दुसऱ्या ओळीत ढकललं.

भाच्याने आणलेला तोडगा असा. पानावर माऊस फिरवायचा. ज्या तुकड्यावर तो जाईल त्याच्याभोवती निळी चौकट उमटते. तिथे टिचकी मारायची आणि छोटीशी चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीबरोबर त्या तुकड्याचं कोडातलं नाव, पानावरची त्याची जागा, आणि जमलं तर तो कुठल्या फाइलीच्या कितव्या ओळीत जन्माला आला हेसुद्धा मदतनीसाला कळतं. पोस्टमनला 'मारुतीच्या देवळासमोर, पिवळी बिल्डिंग' असं सांगण्याऐवजी मजला आणि खोली नंबर दिल्यासारखं.

कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी १९८० सालीच खुर्चीत बसून, समोरच्या भिंतीएवढ्या पडद्याकडे हात करून, तोंडाने हुकूम सोडायची व्यवस्था करून दाखवली होती. त्यांच्या निबंधाचं नावच 'पुट दॅट देअर', म्हणजे 'ते तिथे ठेव'. हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा "यात त्यांनी शोध काय लावला?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला. त्याही आधीचं म्हणजे आपली अरुंधती. लग्नात नवरीला दाखवायचा तो तारा फार बारीक. म्हणून आधी सप्तर्षी दाखवायचे, मग त्यातला वसिष्ठ, आणि मग वसिष्ठाला खेटून असलेली ती. शास्त्रकारांनी त्याचा चक्क अरुंधतीदर्शनन्याय करून ठेवला. (हल्ली मंगल कार्यालयात भरदुपारी गुरुजी छताकडे बोट करतात आणि नवरी पंख्याला नमस्कार करते, तो भाग वेगळा.)

पण बोट कुठे आहे हे कळलं म्हणजे बोट का आहे हे कळलं, असं होत नाही. विटगेन्स्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाचं जे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली निघालं, त्यात त्याने हीच नस पकडली आहे. सुक्या मेव्याचे दोन दाणे दाखवून तुम्ही म्हणालात, 'याला दोन म्हणतात', तर ऐकणाऱ्याला त्या दाण्यांचंच नाव 'दोन' वाटायला काय हरकत? आमच्या पानाच्या शीर्षकाचं तसंच झालं. मदतनीसाने अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली होती. इंग्रजीत म्हणे त्याने भारदस्तपणा येतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. एका रेघेखाली गुण्यागोविंदाने नांदणारी अक्षरं, पावसात फलाटावर जो तो आपापली छत्री घेऊन उभा असावा, तशी दिसायला लागली. सेक्रेटरींनी शीर्षकावर अचूक टिचकी मारून चिठ्ठी लिहिली, 'बरोबर वाटत नाही.' मदतनीसाने रंग जांभळा केला. 'अजूनही नाही.' आकार वाढवला. 'छे.' मागे सावली पाडली. पत्ता दर वेळी बिनचूक, पत्रच कोरं. शेवटी भाच्याने 'मराठी अक्षरांवरची रेघ सलग हवी' एवढं लिहिलं आणि क्षणात अक्षरं पुन्हा एकत्र कुटुंबात आली.

कल्याणला माझ्या काकांचं छत्र्यांचं दुकान होतं. त्याचा बोर्ड टांगायला पेंटर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. पेंटर शिडीवर, काका खाली रस्त्यात. जगातली सगळी कामं या दोघांत वाटलेली आहेत. वरच्याच्या हातात हातोडी, पण नाक बोर्डाला टेकलेलं, त्यामुळे बोर्ड तिरपा आहे की सरळ हे त्याला दिसत नाही. खालच्याला सगळं दिसतं, पण त्याच्या हातात काही नाही, फक्त "जरा डावीकडे". काका म्हणत होते, "जरा डावीकडे... अजून... छे, थोडा उजवा घे." पाचव्या-सहाव्या 'अजून जरा'ला पेंटर शिडी उतरला, घाम पुसत रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तिथून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही इथनं बघू नका. स्टेशनातनं येणाऱ्या माणसाला कसा दिसतो ते बघा." काका पलीकडे गेले. बोर्ड मुळात होता तिथेच ठीक होता.

एआय मदतनीस म्हणजे शिडीवरचा माणूसच. पण घाम न येणारा. माझी शंका इथे सुरू होते. पेंटरचा घाम दिसतो म्हणून खालच्या माणसाला सातव्यांदा 'अजून जरा' म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारावं लागतं, की मला नेमकं काय हवंय? ज्याला घाम येत नाही त्याला साठ वेळा नाचवलं तर कुणाचं काय बिघडलं? मदतनीसाचं काही बिघडत नाही. (भाच्याचं महिन्याचं बिल वाढतं, आणि तो सभ्य असल्यामुळे सांगत नाही.) बिघडतं ते आपलं. काय हवंय हे ठरवल्यावाचून 'हे नको' म्हणत राहायची चटक लागते, आणि ती लागलेला माणूस घरी जाऊन मुलाच्या निबंधावर, सुनेच्या भाजीवर आणि गड्याच्या झाडूवर त्याच चिठ्ठ्या चिकटवू लागतो. त्यांना घाम येतो.

शिवाय हा मदतनीस भांडत नाही. आपण म्हणू ती पूर्व. डावीकडे म्हटलं की 'अगदी बरोबर!', उजवीकडे म्हटलं की 'उत्तम सूचना!' एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये केलेला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते लोकांची फारच खुशामत करू लागलं होतं. म्हणजे हांजी हांजी जास्त झाली म्हणून तक्रार आली. दरबारांच्या इतिहासात हे प्रथमच घडलं असावं. आता हे मदतनीस ब्राउझर उघडून पानाचा फोटो काढतात आणि स्वतः बघतातही. शिडी उतरून रस्त्यापर्यंत येतात म्हणा. पण स्टेशनातून कोण येतंय, हे त्यांना आपणच सांगावं लागतं.

आमच्या कार्यकारिणीने चिठ्ठ्या पुष्कळ लिहिल्या. बोधचिन्हाच्या पिवळ्यावर तर अकरा झाल्या. पानाच्या तळाशी वाचनालयाची वेळ फिकट करड्या अक्षरांत होती, तिच्याकडे एकही बोट गेलं नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढा फरक असावा, असा वेबसाइटींचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मदतनीसाला पाठ आहे. त्याला कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सरकारी कचेरीतसुद्धा याहून वेगळं काही होत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सर्वांत जुन्या वाचक, ऐंशीच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी डोंबिवली 'बाई' म्हणते, त्यांच्या हातात भाच्याने फोन दिला. बाईंनी पान वरून खाली नीट बघितलं. "छान आहे रे," म्हणाल्या, आणि तळाशी बोट ठेवून विचारलं, "इथे एवढी जागा कोरी का सोडलीय?"

कुणी काही बोललं नाही. भाच्याने तिथल्या तिथे टिचकी मारली आणि चिठ्ठी लिहिली, 'ऐंशी वर्षांच्या वाचकाला चष्मा लावून हे वाचता आलं पाहिजे.' मदतनीसाने 'अगदी बरोबर!' म्हटलं, अक्षरं काळी केली, मोठी केली, आणि न सांगता त्याच जातीची आणखी चार ठिकाणची फिकट अक्षरंही दुरुस्त केली.

फोन पुन्हा बाईंकडे गेला. त्यांनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं, "वेळ: सायंकाळी साडेपाच ते साडेआठ." मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, "साडेआठ? अहो, सव्वासातला दिवे मालवायला लागता की तुम्ही!"