तलवारीआड गेलेला तह

महिला दिन आला की जालन्यात फ्लेक्स लागतात. त्यांवर जिजाऊ, ताराबाई, अहिल्याबाईंच्या रांगेत चांदबीबीही असते. घोड्यावर बसलेली, तलवार उपसलेली, खाली 'रणरागिणी'. शाळकरी मुलींची भाषणंही त्या तलवारीपाशीच संपतात. मला हे खटकतं. राज्य चालवणाऱ्या बाईला आपण नुसती लढणारी बाई करून टाकलं आहे.

चांदबीबीवरची मेडोज टेलरची कादंबरी १८७८ ची; पुढे क्रमिक पुस्तकं आली. या प्रतिमेचा तो प्रवास सर्वांना ठाऊक आहे. गफलत होते ती त्याच्या आरंभाविषयी. जुन्या इतिहासकारांनी वीरांगना रंगवली आणि तिच्यातली राज्यकर्ती आधुनिक संशोधकांनी शोधली, असं आपण धरून चालतो. फिरिश्ता वाचला की उलटं दिसतं. तो तिचा समकालीन, आधी अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या चाकरीत होता. लिहीत होता तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी, म्हणजे १५८० मध्ये नवव्या वर्षी तख्तावर बसलेल्या ज्या पुतण्याचा कारभार तिने सांभाळला, त्याच्यासाठी. मुघलांच्या वेढ्यात अहमदनगरच्या किल्ल्याचा तट सुरुंगाने फुटला, ती बुरखा घेऊन, नंगी तलवार हाती धरून खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला, हे फिरिश्ता सांगतो. पण ती एक रात्र. बाकीची पानं आपसात भांडणाऱ्या सरदारांची, विजापूर-गोवळकोंड्याकडे मागितलेल्या कुमकेची आणि तहाची आहेत.

त्या तहाबद्दल आपण अवघडून गप्प बसतो. फेब्रुवारी १५९६ मध्ये तिने वऱ्हाड दिला. गडावर दाणागोटा संपत आला होता. बाहेर मुघलांचीही उपासमार चालली होती, अकबराचा मुलगा मुराद आणि सेनापती खानखानान यांचं पटत नव्हतं, आणि कुमकेचं सैन्य निघालं होतं. दोन्ही बाजू थकल्याची वेळ तिने साधली. एक प्रांत सोडून राजधानी राखली, लहानग्या बहादुर निजामशहाचं तख्त मान्य करून घेतलं. माझ्या मते तिचा खरा पराक्रम हाच. तिच्याशी तह करणारा मुराद १५९९ मध्ये दारूपायी मेला, तोही जालनापूरजवळ, असं जहांगीर आत्मचरित्रात लिहितो. आपल्या जिल्ह्याशी या कथेचा धागा आहे तो असा.

तिची आई खुंजा हुमायून हीसुद्धा मुलाच्या नावाने कारभार करत होती. मुलानेच तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही'ची सचित्र पोथी आहे. तिच्यात चांदबीबीचे वडील हुसेनशहा यांच्या शेजारची ही राणी काही चित्रांत पुसून टाकलेली आहे. शहा जागेवर बसलेला, शेजारी नुसता डाग. लेकीला आपण पुसलं नाही. तिच्या हातात तलवार देऊन तिचा कारभार झाकला.

१६०० मध्ये वेढा पुन्हा पडला. गड द्यावा आणि बहादुरला घेऊन जुन्नरला जावं, असा तिचा विचार होता. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठली, आणि तिच्याच लोकांनी महालात घुसून तिला मारलं. थोड्याच दिवसांत गड पडला. जुन्नरला जायचा तो बहादुर कैदी म्हणून ग्वाल्हेरला गेला.